सहावं माणूस

मला राग लवकर येतो आणि आला की तोंड आवरत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. मेसच्या पोरी म्हणायच्या, काकूच्या आमटीला तिखट टाकायची गरजच नाही, काकूनं नुसतं वाकून बघितलं तरी पुरे. हसायचं तर हसा बापड्यांनो. पण दोन हजार वीसच्या मे महिन्यात माझ्याशी जे झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दगा झाला माझ्याशी. मी आजही त्याला दगाच म्हणते.

लातूरला क्लासच्या भागात माझी मेस आहे. शंभरावर पोरी दोन्ही वेळा जेवून जायच्या. कोण नांदेडची, कोण परभणीची, सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचं! मार्चात लॉकडाऊनची कुणकुण लागली आणि दोन दिवसांत पोरी गावी गेल्या, गल्ली रिकामी झाली. तीन पोरी तेवढ्या अडकल्या, देगलूरची उर्वी आणि किनवटकडच्या दोघी बहिणी. हॉस्टेलवाल्यानं कुलूप काढलं खिशातून आणि म्हणला, गावी जा. जा म्हणजे कशानं जा? एस्टी बंद, रेल्वे बंद. मी त्याला चार शब्द ऐकवले, पोरींच्या पेट्या उचलल्या आणि घरी आणल्या. तर मी, आमचे मालक शेषेराव आणि या तिघी, अशी घरात पाच माणसं झाली.

समोरच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे, तिथं गुरम्मा अक्का राहते. एकटीच. माझ्या मेसच्या भाकरी पंधरा वर्षं तिच्याच हातच्या. वय पासष्टच्या पुढं, पण परातीपुढं बसली की कुणाला ऐकायची नाही. किल्लारीच्या अलीकडं आमचं गाव, ती आमच्या शेजारची. तिला मीच लातूरला आणलं, मीच ती खोली बघून दिली. उपकार नाही केला. तिचं देणं आमच्या घरावर असं आहे की ते या जन्मात फिटायचं नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या घरात सहा माणसं झोपली होती. पाच बाहेर काढली. त्यातली तिघं गेलेली, मी आणि बाप जिवंत. मी बेशुद्ध, बाप येड्यासारखा नुसता बघत बसलेला. दुसऱ्या दिवशी उपसणारी माणसं आमचं घर सोडून पुढं निघाली, तेव्हा गुरम्मा अक्का आमच्या दगडांवर जाऊन बसली. नवऱ्याला आणि लेकीला सकाळी पुरून आलेली बाई ती. म्हणली, "या घरात सहा होते. पाच निघाले. एक आत हाय. तो निघंस्तोवर मी उठत न्हाई." दिवस मावळायला माझा धाकटा भाऊ अण्णाराव जिता निघाला. नऊ वर्षांचा होता.

पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो, तिथं एक रीतच पडून गेली. दिवेलागणीला प्रत्येक शेडमधून आकडा ओरडायचा. आज घरात किती माणसं आहेत, तेवढाच. चार! सात! दोन! पाहुणा आला असला तर तो धरायचा, गावाला गेला त्याला सोडायचं. रातीतून काही झालंच तर कुणाच्या दारात किती जण उकरायचे ते शेजाऱ्याला माहीत असावं, म्हणून. खोटा आकडा कुणी सांगायचा नाही, अशी सगळ्यांची शपथ होती. नवीन गावठाणात पक्की घरं मिळाली, दोन-चार वर्षं रीत चालली, मग सुटली.

अण्णारावचं भ्या मात्र सुटलं नाही. दार लावलेल्या खोलीत तो कधी झोपला नाही. दार ओढलं की घामाघूम व्हायचा, नखांनी भिंत खरवडायचा. म्हणून लग्न केलं नाही, म्हणून पुण्याला वॉचमनचं काम धरलं. रात्र फाटकावर काढायची, दिवसा पार्किंगमध्ये अंग टाकायचं. माझ्या माहेरचं म्हणावं असं जगात तेवढं एकच माणूस राहिलंय.

लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात गल्लीला अवकळा आली होती. जो तो घरात, दारं बंद, कुणाचा जीव आहे की गेला ते कळायचं नाही. एका संध्याकाळी गुरम्मा अक्का गच्चीवरून म्हणली, "उज्वला, शेडमधी ओरडायचो तसं ओरडू या का ग? निदान माणूस हाय एवढं तरी कळंल." मी लगेच ओरडले, "पाच!" ती म्हणली, "एक!" कोपऱ्यावरचा सिद्धलिंग, दाळ मिलमध्ये हमाल आहे, तो बायकापोरांसकट गच्चीवर आला. काय चाललंय म्हणून त्यानं विचारलं, आम्ही सांगितलं, तर गडी इतक्या जोरात "सात!" म्हणला की त्याचं तान्हं रडायलाच लागलं. सगळी गल्ली हसली. किती दिवसांनी हसली!

मग रोजचंच झालं ते. पोरंसोरं आकडा ओरडायला भांडायची, आज माझी पाळी, आज माझी. मी सुरुवात करायची आणि घराघराला हाक देत जायची, कारण माझा आवाज मोठा, हे काय सांगायला पाहिजे! आकडे झाले की गप्पा. सिद्धलिंगनं मिलमधून तुरीची चुरी आणली, ती घरोघरी वाटली. बायकांनी आपापल्या गच्चीवरून एकमेकींना शिव्या घालत कुरडया घातल्या. माझ्या आणि अक्काच्या गच्चीला दोरी बांधली होती, त्यावरून डबा यायचा-जायचा. तिकडून भाकरी, इकडून कालवण. उर्वी संध्याकाळी जीवशास्त्राचा धडा मोठ्यानं वाचायची, तर आमची अक्का समोरून विचारायची, "त्या मायटोकांड्रीचं पुढं काय झालं ग?" तिला वाटायचं ती कोणी बाई आहे. खरं सांगते, भाजीला महाग झालो होतो, मेस बंद, पुढचं काही दिसत नव्हतं, तरी मला तेव्हा संध्याकाळची वाट बघायला आवडायचं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे अण्णाराव दारात. कांद्याच्या ट्रकमध्ये बसून, मधलं अंतर पायी तोडून आलेला. सोसायटीनं वॉचमन कमी केले, पार्किंगमध्ये झोपू देईनात. पायाला फोड, डोळे खोल गेलेले. तेव्हा पुण्याहून आलेल्या माणसाला आधी सेंटरवर न्यायचे. शहराबाहेरच्या एका वसतिगृहात चौदा दिवस, खोलीला बाहेरून कडी. बाहेरून कडी! माझ्या अण्णाला! मी त्याला गच्चीवर नेलं, टाकीच्या सावलीला वाकळ अंथरून दिली आणि म्हणलं, "इथंच राहायचं. खाली डोकवायचं नाही, कुणी विचारलं तर मी बघून घेते."

शेषेराव म्हणाले, "अगं, घरात लोकांच्या पोरी आहेत."

"मग? त्या खाली, तो वर. आणि हे बघा, माझ्या भावाला मी त्या कोंडवाड्यात पाठवणार नाही. काय व्हायचं ते होऊ द्या."

"बरं. मग आज संध्याकाळी निदान पाचच म्हण," ते म्हणाले.

संध्याकाळी मी गच्चीवर गेले. अण्णाराव टाकीमागं बसलेला. सगळ्या गच्च्या भरलेल्या, सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिलेले. पाच म्हणायचं होतं हो! दिवसभर घोकलं होतं. पण तो टाकीमागं बसलेला दिसत असताना त्याला वगळायला जीभच वळेना, आणि तोंडातून गेलं, "सहा!"

अक्का समोरून माझ्याकडं बघत होती. मग तिनं शांतपणे म्हणलं, "एक." सिद्धलिंग म्हणला, "सात." पुढची घरंही बोलली. कुणी काही विचारलं नाही, आणि मला भरून आलं. वाटलं, ही माझी माणसं आहेत, यांनी माझा भाऊ झाकून घेतला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गाडी आली. पांढऱ्या पोशाखातले दोघं थेट गच्चीवर गेले, कुणाला विचारायचं कामच पडलं नाही. मी जिन्यात आडवी झाले. हात जोडले, आरडाओरडा केला, म्हणलं, घरातच ठेवा, कागद लिहून देते. अण्णाराव आपणहून खाली आला. चेहरा पांढरा पडलेला. गाडीचं दार लावलं तेव्हा त्यानं आतून काचेला तळहात टेकवला, तेवढा मला दिसला.

मी त्या दोघांतल्या एकाला विचारलं, "कुणी कळवलं? खरं सांगा."

तो पोरगाच होता बिचारा, घामानं निथळत होता. म्हणला, "समोरच्या म्हातारीनं फोन केला, मावशी. नावही लपवलं न्हाई तिनं. गुरम्मा म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. जिनं दगडांवर बसून त्याला बाहेर काढला, त्याला दार लावलेल्या खोलीत झोप येत नाही हे जिला माझ्याइतकंच ठाऊक, तिनं? दारावर चौदा दिवसांचा कागद चिकटवून गाडी गेली, आणि मी तशीच गच्चीवर गेले.

"गुरम्मा!" अक्का म्हणाले नाही मी. "बाहेर ये! पंधरा वर्षं माझ्या घरचं खाल्लंस आणि केसानं गळा कापलास माझा! तूच काढलंस त्याला आणि तूच परत गाडलंस!"

ती दारात आली. हात पिठाचे. म्हणली, "उज्वला, हाव, मीच फोन केला."

"का? एवढं मरणाचं भ्या वाटलं तुला? पासष्ट वर्षं जगून पोट नाही भरलं?"

यावर ती पिठाचे हात पुसत नुसती उभी राहिली. तिनं काहीतरी बोलावं, भांडावं, असं मला लई वाटत होतं. बोलली नाही म्हणून माझा राग आणखी चढला. मी विळी आणली आणि डब्याची दोरी कापून टाकली.

त्या संध्याकाळी आकडे सुरू झाले. मी म्हणलं, "पाच." आणि अक्काच्या गच्चीकडं न बघता पुढची हाक सिद्धलिंगला दिली. तो घुटमळला. मग म्हणला, "सात." दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही दिवशी तसंच. ती उभी असायची, मी हाक द्यायची नाही, आणि माझ्या तोंडाला कोण लागतंय म्हणून गल्लीही देईना. एकदा तिनं आपणहून "एक" म्हणलं, तर मी त्याच वेळी मोठ्यानं कोपऱ्याला हाक मारली. पुढं तिनंही सोडून दिलं. आमच्या फाटकाला कुणीतरी शेंगाची चटणी अडकवून जायचं. पिशवीवरून मी ओळखलं आणि पोरींना म्हणलं, हात लावायचा नाही. उर्वी म्हणली, "काकू, एवढं नका ना करू." तिलाही झापलं.

अण्णारावजवळ फोन नव्हता, म्हणून सेंटरवर मी रोज फोन करायची. कधी लागायचा, कधी नाही. लागला की एकच, "ठीक आहेत, काळजी करू नका." पहिले दोन दिवस मी जेवले नाही. माझ्या डोळ्यांपुढं एकच, अण्णाराव भिंत खरवडतोय. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. काही नव्हतं त्याला! काही म्हणजे काहीच नव्हतं! तरी चौदा दिवस पुरे करावे लागतील म्हणाले. मी गच्चीवर जाऊन समोर ऐकू जाईल असं ओरडले, "निगेटिव्ह आलाय! ऐकलंस का ग? काहीच नव्हतं माझ्या भावाला!" खोलीचं दार उघडं होतं.

पंधराव्या दिवशी, उन्हं उतरताना, अण्णाराव चालत आला. मी फाटकात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, ओवाळून टाकायला. मागं तिघी पोरी, शेषेराव. तो आला, माझ्याकडं बघून हसला, आणि रस्ता ओलांडून समोरच्या जिन्याकडं वळला.

"अरे तिकडं कुठं? तिनंच तर तुला..."

"ताई," तो म्हणला, "मीच सांगितलं व्हतं तिला."

"काय सांगितलं होतं?"

"फोन कर म्हणून. आलो त्याच दिवशी दुपारी, गच्चीवरूनच, तू खाली होतीस तवा. घसा दुखत व्हता माझा, अंगात कसर होती. तुझ्या घरात तीन पोरी, परक्यांच्या. त्यांना काही झालं असतं तर त्यांच्या मायबापाला काय तोंड दाखवलं असतंस? पुन्हा आयुष्यात कुणी तुझ्या मेसमधी पोरगी धाडली असती का?"

"मला सांगायचं नाही?"

"तू सोडलं असतंस का?"

"नसतं सोडलं! माझा भाऊ आहेस तू, मी का सोडू? माझ्या पाठीमागं दोघांनी ठरवलं? मला येडीत काढलं?"

"अक्का न्हाई म्हणत व्हती. मी हात जोडले, शपथ घातली, ताईला सांगायचं न्हाई म्हणून. पहिल्या राती लई हाल झाले माझे. दार बडवलं. तर दुसऱ्या दिवशी अक्कानं सेंटरच्या डागदराला फोन केला. समदं सांगितलं, भूकंपाचं, दगडाचं. मग त्यांनी माझी खाट व्हरांड्यात टाकली. तेरा दिवस व्हरांड्यात काढले, ताई. डागदराच्याच फोनवर तिचा रोज फोन यायचा."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. राग होताच, पण त्याला आता धरायला काही उरलं नव्हतं. मी अण्णारावच्या आधी समोरचा जिना चढले. अक्का खाटेवर बसून लसूण सोलत होती.

मी म्हणलं, "अक्का, मला काय माहीत? तू बोलायचं होतंस. मी एवढं बोलले, एवढं तोडून खाल्लं तुला. मला माफ कर."

तिनं पाकळी सोलून पूर्ण केली. "शिव्या दिल्यास त्याचं काही न्हाई उज्वला. तुझं तोंड मी तू परकरात होतीस तवापासून ऐकून राहिले. पण तू मला मोजायचं सोडलंस. चौदा सांजा मी वर उभी होते. वाटायचं, आज तरी कुणी म्हणंल, अक्का हाय का." तिचा आवाज चढला नाही. "मी त्याला हे सांगितलं न्हाई. फोनवर तो रोज विचारायचा, ताई बरी हाय का, आकडे व्हतेत का. मी म्हणायची, व्हतेत. तूच सांग त्याला."

अण्णाराव माझ्या मागं दारातच उभा होता.

"काय सांगायचंय?" त्यानं विचारलं.

सांगितलं मी. खाली बघून सांगितलं, थोडं थोडं सांगितलं. माझ्या जिवाची काय अवस्था होती तेही सांगितलं, दोरीचंही सांगितलं. सगळं झाल्यावर तो जिना उतरून गेला. मी म्हणलं, गेला घरी, चिडेल थोडा, जेवायला घातलं की निवळेल. मी त्याच्या मागोमाग आले तर तो माझ्या गच्चीवरून खाली येत होता, काखेत वाकळ.

"हे कुठं चाललास?"

"समोर. तिच्या गच्चीवर टाकतो."

"अण्णा, येडा झालास का? मी सख्खी बहीण आहे तुझी! तुझ्यासाठी भांडले मी, तुझ्यासाठी जेवले नाही!"

तो थांबला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. "दगडाखाली व्हतो तवा मला सहावा म्हणणारी ती एकटीच व्हती, ताई," तो म्हणला. "आणि तू तिला शून्य केलंस."

रस्ता ओलांडून तो जिन्यानं वर गेला. सगळ्या गच्च्यांवर माणसं जमली होती, दिवे लागले होते, आणि कुणाला कळत नव्हतं आज सुरुवात कुणी करायची. अण्णारावनं वाकळ झटकली, अक्काच्या दारापुढं अंथरली आणि कठड्याला टेकून बसला. मग त्यानंच आवाज दिला, "दोन!" आणि माझ्याकडं न बघता पुढची हाक सिद्धलिंगला दिली.